रोज एक आकडा

साडू हे नातं माणूस स्वतः निवडत नाही. बायको निवडता येते, निदान आपण निवडली असा समज तरी करून घेता येतो; पण बायकोच्या बहिणीने कोणाशी लग्न करावं यावर आपला काडीचाही हक्क नसतो. थोरल्या साडूंच्या वाट्याला आलेला धाकटा साडू तसा वाईट नव्हता. हुशार होता, निर्व्यसनी होता, वेळेवर उठणारा होता. त्याच्यात दोष काढायचाच झाला तर एकच होता, की तो बहुतेक वेळा बरोबर असायचा. असा माणूस घरात एक वेळ चालतो, पण नोकरीच्या ठिकाणी फार जड जातो.

आणि थोरल्यांच्या नशिबात तो दोन्हीकडे होता. घर एकच, थोरले खालच्या मजल्यावर आणि धाकटा वरच्या. नोकरीही एकच, शहराबाहेरच्या पार्सल छाननी केंद्रात, आणि कामही एकच, तिथलं नेटवर्क सांभाळायचं. आठ वर्षांपूर्वी थोरल्यांनीच शब्द टाकून त्याला तिथे लावलं होतं. म्हणजे तक्रार करायची सोयसुद्धा उरलेली नव्हती.

केंद्रात दोन हॉल होते, एक जुना, एक नवा, आणि मध्ये नव्वद पावलांचा झाकलेला बोळ. जुना हॉल थोरल्यांकडे, नवा धाकट्याकडे. दोन्हीकडे रबरी पट्टे दिवसभर फिरत असत आणि त्यांवरून पार्सलं वाहत येत. पट्ट्यावर टांगलेलं यंत्र पार्सलावरची काळ्या रेघांची पट्टी वाचायचं आणि मुख्य कचेरीतल्या कॉम्प्युटरला विचारायचं, हे कुठे जायचं? उत्तर आलं की लाकडी फळी पुढे येऊन पार्सलाला त्याच्या गावाच्या घसरगुंडीत ढकलायची. उत्तर दोन सेकंदांत आलं नाही, तर पार्सल तसंच पुढे जाऊन शेवटच्या पिंजऱ्यात पडायचं. त्या पिंजऱ्याला सगळे ‘बेवारस’ म्हणत. तिथे मावशी बसायच्या. त्या कोणाच्याच मावशी नव्हत्या, म्हणून सगळ्यांच्या होत्या. पडलेलं प्रत्येक पार्सल हातात घ्यायचं, चष्मा सावरून पत्ता वाचायचा आणि हाताने मार्गी लावायचं, हे त्यांचं काम.

आता प्रश्न यंत्रांची ही विचारणा ज्यातून बाहेर जाते त्या दरवाजाचा. सगळ्या यंत्रांना त्या दरवाजाचा एकच पत्ता शिकवलेला होता. प्रत्यक्षात त्या एका पत्त्यामागे दोन स्विच उभे होते, एक जुन्या हॉलच्या खोलीत आणि एक नव्या हॉलच्या. स्विच म्हणजे भिंतीवरचं बटण नव्हे, तर जाळीच्या कपाटात बसवलेली, पन्नासेक तारा तोंडात धरलेली चपटी पेटी. दोन्ही पेट्यांना एकेक आकडा दिलेला असतो. जिचा आकडा मोठा ती दारात उभी राहते. दुसरी मागे थांबते आणि दर सेकंदाला पुढचीचं ‘मी आहे, मी आहे’ ऐकत राहते. ते तीनदा ऐकू आलं नाही की ओळखायचं, पुढची गेली, आणि आपण दारात जाऊन उभं राहायचं. दारातलं कोण बदललं याचा यंत्रांना पत्ताही लागत नाही. फार शहाणी योजना आहे ही. फक्त ती राबवणाऱ्याला साडू नसावा.

नवा हॉल उघडला तेव्हा थोरल्यांच्या स्विचला एकशे दहा हा आकडा होता आणि धाकट्याच्या स्विचला शंभर. धाकटा म्हणाला, हे उलटं करूया. बाहेरची जाड लाइन आता नव्या हॉलमध्ये येते, तुमच्याकडची जुनी आणि बारीक आहे, तेव्हा दारात नव्याने उभं राहावं हे बरं. शिवाय त्याचा आकडा त्या लाइनला बांधून ठेवू, म्हणजे लाइन तुटली तर आकडा आपोआप वीसने खाली येईल आणि तुमचा पुढे होईल. थोरल्यांनी यातलं पहिलं वाक्य ऐकलं आणि पुढची ऐकलीच नाहीत. एकवीस वर्षं जो दारात उभा राहिला त्याने आता मागे थांबायचं, एवढंच त्यांच्या कानात शिरलं. ते म्हणाले, चाललंय ते चालू दे. धाकटा म्हणाला, चाललंय पण बरोबर नाही. थोरले म्हणाले, बरोबर काय ते आता तू शिकवणार का मला.

मॅनेजर गोड माणूस होता, म्हणजे निर्णय टाळणारा. तो म्हणाला, हा तुमचा घरचा मामला आहे, आपसात ठरवा.

आपसात काही ठरलं नाही. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं, आणि पुढच्या मंगळवारी अकरा वाजता धाकट्याने आपल्या स्विचचा आकडा एकशे अकरा केला. थोरल्यांच्या पेटीला मागे सरावं लागलं. दारात खांदेपालट होईपर्यंत तीन-चार सेकंद गेली आणि तेवढ्यात मावशींच्या पिंजऱ्यात चाळीस पार्सलं पडली. बुधवारी अकरा वाजता थोरल्यांनी आपला आकडा एकशे बारा केला. पुन्हा तीन-चार सेकंद, पुन्हा चाळीस पार्सलं. गुरुवारी एकशे तेरा.

अकराचीच वेळ का, तर चहाची सुट्टी असल्याने तेव्हा पट्ट्यांवर माल कमी असतो. दोघांचं डोकं फिरलं होतं, पण कामाची चाड गेली नव्हती. एका दिवशी एकानेच आणि एकच आकडा वाढवायचा हेही कोणी न सांगता ठरून गेलं. मंगळवार, गुरुवार, शनिवार धाकट्याचे, सोमवार, बुधवार, शुक्रवार थोरल्यांचे, रविवारी सुट्टी. मॅनेजरने विचारलं की रोज अकराला अडतं काय, तर थोरले म्हणाले, बाहेरच्या लाइनचा दोष आहे. मग त्याने नव्या हॉलमध्ये जाऊन विचारलं, तर धाकटाही म्हणाला, बाहेरच्या लाइनचा दोष आहे. त्या काळात दोघांचं एकमत झालेली ही एकच गोष्ट.

आठवड्याभरातच थोरल्यांच्या लक्षात एक गोष्ट आली आणि ते स्वतःशीच हसले. हा आकडा दोनशे चोपन्नाच्या वर चढवता येत नाही. धाकट्याच्या वाट्याला सगळे विषम आकडे आले होते, त्यांच्या वाट्याला सम. दोनशे चोपन्न सम आहे. म्हणजे पोरगा कितीही हुशार असला तरी शेवटची पायरी त्यांचीच. थोरल्यांनी कागदावर हिशोब मांडला, साडेपाच महिने लागत होते. त्यांनी कागद घडी करून पाकिटात ठेवला आणि साडेपाच महिने मोठ्या आनंदात काढले. माणसाला आयुष्यात कशाची तरी वाट पाहायला लागते. कोणी बढतीची पाहतो, कोणी पेन्शनची.

घरात मात्र या युद्धाला कोणी दाद देत नव्हतं. दोघी बहिणींचं आधीसारखंच चालू होतं. थोरली खालच्या ओट्याशी उभी राहून वर हाक मारायची, “चिमे,” आणि चिमी जिन्यावरून धडधडत उतरायची. एकीने भाजी निवडायची, दुसरीने नुसतं बोलायचं, मग कामं बदलायची आणि बोलणं दोघींनी करायचं. नवरे एकमेकांचं तोंड पाहत नाहीत हे त्यांना कळत होतं, पण घरातला एखादा नळ गळत असावा तसं त्यांनी ते चालवून घेतलं होतं.

हिशोबातला शेवटचा सोमवार उजाडला. अकरा वाजता थोरल्यांनी दोनशे चोपन्न हा आकडा टाइप केला, बटण दाबलं, आणि लांबून बेवारस पिंजऱ्यात धप्‌ धप्‌ आवाज आले. थोरले खुर्चीत मागे रेलून बसले. जिंकले होते. त्यांनी आनंदाची थोडा वेळ वाट पाहिली. तो काही आला नाही. म्हणून ते चहा प्यायला गेले, तर चहाही गार झाला होता.

दुपारी मॅनेजरने त्यांना एकट्यांनाच केबिनमध्ये बोलावलं आणि मुख्य कचेरीचं पत्र पुढे सरकवलं. साडेपाच महिन्यांत एकशे त्रेचाळीस खोळंबे झाले होते आणि जवळपास सहा हजार पार्सलं बेवारसमध्ये गेली होती. गुरुवारी दहा वाजता तपासनीस बाई येणार होत्या. त्यांची खात्री पटली नाही तर नव्या हॉलचं काम बाहेरच्या कंपनीला जाणार होतं आणि दोन नेटवर्कवाल्यांपैकी जो मागून लागला त्याची बदली होणार होती, आगगाडीने रात्रभराच्या अंतरावर असलेल्या दुसऱ्या केंद्रात. मॅनेजर म्हणाला, तुम्ही निश्चिंत असा, तुम्हाला काही होत नाही. थोरल्यांनी पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

संध्याकाळी घरी गेले तर बातमी त्यांच्या आधी पोचलेली होती. धाकट्यालाही पत्र दाखवलं होतं. थोरली ओट्याशी पाठमोरी उभी होती. त्या दिवशी तिने वर हाक मारली नव्हती. थोरल्यांनी आपण होऊन सांगायला सुरुवात केली, नियम असा आहे, मागून लागलेल्याची आधी होते, यात माझा काही... ती वळली तेव्हा तिचे डोळे लाल होते. एकोणीस वर्षांच्या संसारात ती थोरल्यांवर अनेकदा चिडली होती, पण त्या दिवशी चिडली नाही, आणि त्याचीच त्यांना जास्त भीती वाटली.

“आई गेली तेव्हा चिमी नऊ वर्षांची होती,” ती म्हणाली. “तिची वेणी मी घातली, शाळेत मी सोडलं. ती वरच्या मजल्यावर आहे म्हणून मी इथे आहे. तुमचं दोघांचं काय आहे ते मला कळत नाही, आणि कळून घ्यायचंही नाही. पण तिला लांब पाठवू नका.”

इतके दिवस पाकिटात जपलेला कागद थोरल्यांनी काढला, त्यावरच्या सम आणि विषम आकड्यांच्या दोन रांगांकडे पाहिलं आणि आपण एक नंबरचे मूर्ख आहोत हे त्यांनी मनातल्या मनात कबूल केलं. मनातल्या मनातच. मोठ्याने कबूल करायची सवय त्यांना नव्हती.

मंगळवारी अकरा वाजता काही झालं नाही. बुधवारीही नाही. मावशी पिंजऱ्यापाशी बोटांत बोटं अडकवून नुसत्या बसून राहिल्या आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला विचारत राहिल्या, आज काय संप आहे का. थोरले मात्र विचार करत होते. चुकीची जागा धरून आपणच बसलो आहोत हे त्यांना आता स्वच्छ दिसत होतं. धाकट्याचा स्विच दारात असताना सगळं सुरळीत चाललेलं तपासनीस बाईंनी पाहिलं, तर नवा हॉल त्याच्याकडेच राहील आणि तो इथेच राहील. तेव्हा आपण बाजूला व्हायचं.

इथे सरळ माणसाने आपला आकडा दोनशे चोपन्नावरून शंभरावर आणला असता आणि धाकट्याला तसं सांगितलं असतं. पण सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही. आपल्या हाताने आपला आकडा खाली लिहायचा म्हणजे हरल्याची पावती स्वतःच फाडायची. त्यापेक्षा संन्यास बरा. थोरल्यांनी ठरवलं, आपल्या पेटीचं दारात उभं राहणंच बंद करून टाकायचं. दुसरा नंबर नको, पहिला नको, काहीच नको. आणि बोलायचं तर मुळीच नको.

गुरुवारी सकाळी साडेनऊ ते दहा पट्टे साफसफाईसाठी थांबतात. पावणेदहाला थोरल्यांनी ती एक आज्ञा दिली. आता धाकट्याची पेटी पुढे होईल, एवढं मनात म्हणाले, इस्त्रीचा शर्ट नीट केला, आणि हलक्या मनाने जुन्या हॉलच्या सज्जात जाऊन उभे राहिले. बऱ्याच दिवसांनी त्यांना स्वतःविषयी बरं वाटत होतं. तेवढ्यात मॅनेजर तपासनीस बाईंना घेऊन आला. बुटक्या, पांढऱ्या केसांच्या, पायात कापडी बूट घातलेल्या बाई होत्या, आणि कोणाचंही ऐकताना त्या हसत नव्हत्या.

दहाला भोंगा झाला आणि पट्टे सुरू झाले. पहिलं पार्सल यंत्राखाली आलं, थबकलं, आणि सरळ बेवारसमध्ये गेलं. दुसरंही गेलं, मग तिसरं. मग जुन्या हॉलमधलं झाडून सगळं पार्सल कोणी निमंत्रण दिल्यासारखं मावशींकडे निघालं. पिंजरा भरला, पार्सलं काठावरून खाली पडू लागली. मावशी उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी कमरेवर हात ठेवले. मॅनेजरने पट्टे थांबवायचा इशारा केला. तपासनीस बाईंनी घड्याळ पाहिलं.

धाकट्याचा स्विच बंद पडला, थोरल्यांच्या डोक्यात पहिलं हेच आलं. नेमका आज. बिचाऱ्याचं नशीबच वाईट. ते सज्जाच्या पायऱ्या दोन-दोन करत उतरले आणि बोळात शिरून नव्या हॉलकडे धावू लागले. पंचावन्नाव्या वर्षी धावणं शोभत नाही, पण कोणाला शोभायचं होतं. बोळाच्या मध्यावर समोरून कोणीतरी तितक्याच वेगाने धावत येत होतं. तो धाकटा होता.

दोघं हातभर अंतरावर थांबले आणि धापा टाकत एकमेकांकडे पाहत राहिले.

“तुमचा बंद पडला का?” धाकट्याने विचारलं.

“माझा मीच बंद केला. पावणेदहाला. तुझ्याला काय झालं?”

धाकट्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. “मीही बंद केला,” तो म्हणाला. “दहाला दहा कमी असताना.”

“का?”

“माझी बदली होणारच आहे. जाताना मागे भांडण नको म्हणून. तुमच्या एकट्याचंच नीट चालू दे म्हटलं.” तो थांबला. “आणि तुम्ही का केला?”

थोरल्यांनी इस्त्रीचा शर्ट उगाच पुन्हा नीट केला.

“तू जाऊ नयेस म्हणून,” ते म्हणाले.

साडेपाच महिने दोघांनी एकमेकांना ढकलून दरवाजा अडवला होता, आणि आज दोघांनी मोठ्या मनाने एकमेकांसाठी तो सोडला, तर दारात कोणीच नव्हतं. यंत्रांना काय, त्यांना दारात कोणीतरी लागतं; त्याचं मन मोठं आहे की लहान हे ती बघत नाहीत. न बोलता धरलेला राग आणि न बोलता केलेला त्याग, दोन्हींची पार्सलं शेवटी एकाच पिंजऱ्यात पडतात, हे थोरल्यांना त्या बोळात उभ्या उभ्या कळलं.

“आता एकाने तरी चालू करायला हवं,” धाकटा म्हणाला. “तुम्ही करा.”

“मी नाही, तू कर.”

“नको, तुम्ही मोठे आहात.”

“अरे, म्हणूनच सांगतोय ना.”

एवढं झाल्यावर पुन्हा तेच चाललं आहे हे दोघांच्या एकदमच लक्षात आलं. धाकट्याला हसू फुटलं. थोरल्यांनी ते दाबायचा प्रयत्न केला, पण धाप लागलेली असताना हसू दाबता येत नाही. दोघं भिंतीला टेकून पोट धरून हसले. मग थोरल्यांनी डोळे पुसले आणि विचारलं, त्या दिवशी तू लाइनचं काहीतरी सांगत होतास, आकडा आपोआप खाली येतो म्हणून, ते काय होतं. मी नीट ऐकलं नव्हतं.

धाकट्याने चालता चालता सांगितलं. आधी ते नव्या हॉलच्या खोलीत गेले. धाकट्याने आपली पेटी पुन्हा दारात उभी केली, आकडा एकशे दहा दिला आणि तो बाहेरच्या जाड लाइनला बांधला. ‘मी आहे’ ही हाक सेकंदाला एकदा होती ती पाचदा केली, म्हणजे कोणी गेलं तर मागच्याला लगेच कळावं. मग दोघं बोळ ओलांडून जुन्या हॉलच्या खोलीत आले. धाकटा तिथे साडेपाच महिन्यांनी पाऊल टाकत होता, दारातच घुटमळला. थोरल्यांनी कीबोर्ड पुढे ओढला आणि म्हणाले, “तू सांग, मी टाइप करतो.”

धाकट्याने आकडा सांगायचं टाळलं, बाकीचं सगळं सांगितलं. शेवटी थोरल्यांनीच विचारलं, शंभर ना? आणि एक, शून्य, शून्य आपल्या बोटांनी दाबलं. वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही. खरं सांगायचं तर हायसं वाटलं. दोनशे चोपन्नावर पाय अवघडून गेले होते.

पट्टे पुन्हा सुरू झाले तेव्हा दहा वाजून एकोणीस मिनिटं झाली होती. पार्सलं आपापल्या गावच्या घसरगुंडीत शहाण्यासारखी जाऊ लागली. तपासनीस बाईंनी एकोणीस मिनिटं वहीत लिहिली आणि म्हणाल्या, आता चालू आहे हे दिसतंय, मला बंद पडताना बघायचं आहे. केबल ओढायची आहे, आणि ती नेटवर्क कळणाऱ्या माणसाने ओढायची नाही. कळणारा माणूस हळू ओढतो.

मॅनेजरने इकडेतिकडे पाहिलं. मावशी म्हणाल्या, मी ओढते, माझा हिशोब बाकी आहे. त्यांना नव्या हॉलच्या खोलीत नेण्यात आलं आणि धाकट्याने बाहेरच्या जाड लाइनची निळी केबल दाखवली. थोरले जुन्या हॉलच्या सज्जात बेवारसवर नजर लावून उभे होते. आता जे काही व्हायचं ते त्यांच्याच पेटीच्या भरवशावर होतं. पुढची आपण होऊन वीस पायऱ्या उतरली की मागचीने क्षणात पुढे व्हायचं. एकवीस वर्षांत आपल्या पेटीसाठी त्यांनी एवढी काळजी कधी केली नव्हती, कारण ती इतकी वर्षं नुसती उभी होती, कोणासाठी धावून गेली नव्हती.

नव्या हॉलमधून हाक आली, ओढली. पट्ट्यावरचं एक पार्सल यंत्राखाली थबकलं, सरळ पुढे गेलं, आणि पिंजऱ्यात पडलं. पुढचं पार्सल आलं आणि आपल्या घसरगुंडीत गेलं. त्याच्या पुढचंही गेलं. थोरल्यांनी शंभरापर्यंत मोजलं. पिंजऱ्यात एकच होतं. मावशी परत आल्या, ते उचलून पत्ता वाचला, आणि एवढ्यासाठी मला जागेवर बसवणार का, असं तोंड केलं.

मग मॅनेजरच्या केबिनमध्ये दोघांना उभं करण्यात आलं. तपासनीस बाईंच्या हातात पेट्यांच्या नोंदींचा कागद होता, आणि त्यात एकशे अकरापासून दोनशे चोपन्नापर्यंतची सगळी यात्रा तारीखवार छापलेली होती. बाहेरच्या लाइनचा दोष नव्हता हे सांगायची गरज उरली नव्हती. बाईंनी चष्म्यावरून थोरल्यांकडे पाहिलं आणि विचारलं, “यात मोठा आकडा कोणाचा असायला हवा होता?”

मॅनेजर खिडकीबाहेर पाहू लागला. धाकटा काहीतरी बोलायला गेला, पण थोरल्यांनी हाताने त्याला थांबवलं.

“त्याचा,” ते म्हणाले. “पहिल्या दिवसापासून त्याचाच. त्याने मला नीट समजावून सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. कोणाला पाठवायचंच असेल तर मला पाठवा.”

बाईंनी कागद खाली ठेवला. त्या म्हणाल्या, मी एकाची बदली लिहायलाच आले होते. बाहेरच्या कंपनीने लेखी हमी दिली आहे, लाइन तुटली तर जास्तीत जास्त पंचवीस पार्सलं पडतील. तुमचं एक पडलं. एकाला हलवलं तर उरलेला असं करू शकेल का? थोरले म्हणाले, एकट्याने नाही जमणार. धाकट्यानेही तेच सांगितलं. बाईंनी वहीत दोन ओळी लिहिल्या आणि वाचून दाखवल्या. दोघंही आहेत तिथेच राहतील. यापुढे कोणताही आकडा बदलताना दोघं एका खोलीत हजर हवेत आणि कागदावर दोघांच्या सह्या हव्यात. मग त्या पहिल्यांदाच किंचित हसल्या आणि म्हणाल्या, “माझाही एक साडू आहे घरात. म्हणजे नवऱ्याचा आहे, पण निस्तरते मी.”

बाहेर आल्यावर धाकटा बोळाच्या तोंडाशी उभा राहिला. थोरल्यांनी फोन काढून घरी लावला.

“तुझी बहीण कुठेही जात नाही,” ते एवढंच म्हणाले. “कोणीच जात नाही.”

पलीकडून काही उत्तर आलं नाही. त्यांना वाटलं, लाइन तुटली. मग फोन कुठेतरी टेकवल्याचा आवाज आला, खुर्ची सरकली, आणि थोरलीची हाक ऐकू आली, सोमवारपासून त्या घरात न उमटलेली. “चिमे.” जिन्यावर पावलं वाजली, वर जाणारी आणि खाली येणारी, दोन्ही एकदम, मध्येच कुठेतरी ती थांबली, आणि दोघी बहिणी जिन्यातच रडत होत्या की हसत होत्या ते काही केल्या कळेना.

“काय म्हणाल्या ताई?” धाकट्याने विचारलं.

थोरल्यांनी फोन त्याच्या कानाशी नेला, आणि मग आपलाही कान त्याला लावला. फोनवर परत कोणी आलं नाही. तरी दोघं डोक्याला डोकं टेकवून, पट्ट्यांच्या आवाजात, बराच वेळ ऐकत उभे राहिले.